बाईंना विचारा : दार लावून बसणारा मुलगा आणि तोंड न उघडणारा वर्ग

सहामाही जवळ आली की सातवी ते नववीच्या मुलांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी चार पत्रांना उत्तरं देते आहे. ज्यांनी फक्त मार्कांबद्दल विचारलंय त्यांनीही पहिलं उत्तर वाचावं. या वयातल्या मार्कांची निम्मी गोष्ट झोपेत दडलेली असते, असं माझं ठाम मत आहे.

पत्र पहिलं

बाई, नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ राहतो. मुलगा आठवीत. शाळा नौपाड्यात, सकाळच्या सत्राची. ७.१० ला प्रार्थना, म्हणून बस सव्वासहाला येते आणि त्याला साडेपाचला उठवावं लागतं. रोज सकाळी घरात भांडण. संध्याकाळी क्लासला जातो, साडेआठला येतो, जेवतो आणि खोलीचं दार लावून घेतो. काही विचारलं तर "काही नाही", "ठीक", "माहीत नाही". रात्री बारापर्यंत दिवा चालू. सहावीपर्यंत हाच मुलगा शाळेतलं सगळं मला येऊन सांगायचा. ह्यांचं म्हणणं, मोबाइल काढून घे, आपोआप सरळ येईल. मी काय करू? – एक आई, ठाणे

उत्तर

आधी झोप, मग बाकीचं.

मुलं वयात येतात तेव्हा त्यांच्या शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. मेलाटोनिन नावाचं एक संप्रेरक आपल्याला झोपेची चाहूल देतं. तेरा-चौदाव्या वर्षी ते रात्री उशिरा वाढायला लागतं. त्यामुळे तुमच्या मुलाला दहा वाजता "झोप आता" म्हटलं तरी त्याला खरोखरच झोप येत नाही, तो नाटक करत नाही. त्यात डोळ्यांसमोर मोबाइलचा उजेड असेल तर झोप आणखी लांबते. पण झोपेची गरज काही कमी झालेली नसते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. तुमच्या मुलाचा हिशेब मांडा. रात्री बारा ते पहाटे साडेपाच, म्हणजे साडेपाच तास. सोमवार ते शुक्रवार रोज किमान अडीच तासांची उधारी चढते. असा मुलगा पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकणार, दुपारी घरी आल्यावर गाढ झोपणार, मग रात्री पुन्हा जागणार, आणि आपण त्याला आळशी म्हणणार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत. त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. पण सकाळची सगळ्यात मोठी ओढाताण आठवी-नववीच्या मुलांची होते आणि ती त्या निर्णयात नाहीत. पालकसभेत आपण गृहपाठावर तासभर बोलतो. एकदा शाळेच्या वेळेवरही बोला. एकट्याने विचारलं तर उत्तर मिळणार नाही, वर्गातल्या दहा-पंधरा पालकांनी मिळून लेखी विचारा.

तोवर घरात काय करता येईल? तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली वेळ साडेआठची आहे. क्लास सुटून मुलगा साडेआठला घरात येत असेल तर जेवण, गृहपाठ आणि थोडी स्वतःची वेळ मिळून अकरा वाजणारच. ठाण्यात बहुतेक क्लासना चार ते सहाची बॅच असते. ती मिळत नसेल तर आठवडाभरातले दोन दिवस तरी क्लास कमी करा. आठवीच्या गणितासाठी रोज दोन तास क्लास लागत नाही. इतकी वर्षं गणित शिकवून मी हे सांगते आहे. दुपारी तो झोपत असेल तर झोपू द्या, पण अर्ध्या तासात उठवा आणि चारनंतर झोपू देऊ नका. रविवारी आठपर्यंत झोपला तर बिघडत नाही. बारापर्यंत झोपला तर सोमवारची पहाट त्याला परदेशातून आल्यासारखी जाते.

मोबाइल काढून घ्यायचा हे तुमच्या ह्यांचं म्हणणं मला पटत नाही. शाळेच्या सूचना, गृहपाठाचे फोटो, क्लासच्या टेस्टची तारीख, सगळं आता व्हॉट्सॲपवर येतं. फोन हिसकावला की मुलगा मित्राच्या फोनवरून तेच करतो आणि आता ते तुमच्यापासून लपवून करतो. त्याऐवजी घराचा नियम करा : रात्री साडेनऊनंतर सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळे म्हणजे ह्यांचाही. वडील अंथरुणात रील्स बघत असतील तर मुलाला सांगायचा अधिकार त्यांना उरत नाही. उठायला गजर लागतो म्हणून फोन जवळ हवा, असं तो म्हणेल. साधं गजराचं घड्याळ आणून द्या.

आता दार. दार लावणं ही या वयाची साधी गरज आहे. शरीर बदलतंय, आवाज फुटतोय, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्यात आणि घरात येणारा प्रत्येक पाहुणा "किती मोठा झाला रे" म्हणून त्याच्याकडे निरखून बघतोय. त्याला कुठेतरी कुणी बघत नाही अशी जागा हवी असते. दार लोटलेलं चालेल, कडी लावायची नाही, आणि आपण टकटक करूनच आत जायचं, एवढं दोन्ही बाजूंनी ठरवून टाका. टकटक करून लगेच दार ढकलू नका. "ये" म्हणेपर्यंत थांबा.

तो बोलत नाही असं तुम्ही म्हणता. तो घरात पाय टाकतो तेव्हा त्याला काय विचारलं जातं, ते दोन दिवस नीट ऐकून बघा. "पेपर मिळाला का? किती? सर्वांत जास्त कुणाला? डबा संपवलास?" या चारही प्रश्नांना "ठीक" हेच उत्तर येणार. पहिला अर्धा तास काहीच विचारू नका. समोर थालीपीठ किंवा पोहे ठेवा आणि आपल्या कामाला लागा. या वयातली मुलं समोरासमोर बसवून बोलत नाहीत, शेजारी असली की बोलतात. स्कूटरवर मागे बसून, भाजी निवडताना, टीएमटीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत. रविवारी संध्याकाळी त्याला घेऊन उपवनला जा, तलावाला एक फेरी मारा आणि शाळेचा विषय तुम्ही स्वतः काढू नका. पहिल्या रविवारी तो क्रिकेटबद्दल बोलेल. बोलू द्या. आणि काही सांगायला लागला की तिथल्या तिथे उपाय सुचवू नका. "मग तू काय केलंस?" एवढंच विचारा.

घरात कुठली गोष्ट कुणाची हे आठवीत ठरवून टाकावं, हा माझा सगळ्या पालकांना आग्रह असतो. झोपेची वेळ आणि फोनची वेळ आईवडिलांची. वह्या पूर्ण करणं, दप्तर भरणं, उद्या चाचणी आहे हे लक्षात ठेवणं त्याचं. तुम्ही रोज रात्री त्याच्या वह्या तपासत असाल तर ते बंद करा. एखादी वही अपुरी राहील, बाई शेरा देतील, देऊ दे. तो शेरा आठवीत मिळाला तर सावरायला वेळ आहे. दहावीत तोच मिळाला तर सगळं घर हादरतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दार लावणं वेगळं आणि तुटून जाणं वेगळं. मित्रांना भेटणं बंद झालं, आवडतं खाणंही नको झालं, ज्या खेळासाठी जीव टाकायचा तो सोडला, हातावर ओरखडे किंवा कापल्याच्या खुणा दिसल्या, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला, तर वाट बघू नका. त्याला सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. आपल्या डॉक्टरांकडे जा. टेली मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. मुलं स्वतः १०९८ वर फोन करू शकतात. हे दोन्ही क्रमांक मुलाला आजच सांगून ठेवा, काही झालेलं नसताना.

पत्र दुसरं

मुलगा चौदा वर्षांचा. क्लास नेरुळमध्येच, दोन सेक्टर पलीकडे. सोसायटीतली त्याच्याएवढी मुलं स्कूटर घेऊन जातात. आतले रस्ते रिकामे असतात, हेल्मेट घालेल म्हणतो. द्यावी का? – एक वडील, नवी मुंबई

उत्तर

नाही. बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्सही सोळाव्या वर्षी मिळतं. तुमच्या घरातली स्कूटर बहुधा शंभर सीसीच्या वरची असेल. तिला अठरा पूर्ण लागतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सेक्टरच्या कोपऱ्यावर वळणारा टेम्पो मुलाचं वय बघत नाही.

या प्रश्नावर घरात चर्चा ठेवू नका. काही गोष्टींत मुलाशी वाटाघाटी कराव्यात, काहींत करू नयेत, आणि ही न करण्यातली आहे. "नाही, अठरा झाल्यावर मी स्वतः शिकवीन," एवढं सांगा. चांगली सायकल घेऊन द्या, कुलूप आणि मागचा दिवा नीट असलेली. सोसायटीतल्या इतर दोन-तीन वडिलांशीही बोला. "सगळेच देतात" हे वाक्य ते सगळेही घरी ऐकत असतात.

पत्र तिसरं

बाई, मी दोन वर्षांपासून कळव्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. वर्गात साठ मुलं. ए प्लस बी होल स्क्वेअर रोज घोकून घेते, तरी चाचणीत निम्मी मुलं ए स्क्वेअर प्लस बी स्क्वेअर लिहून मोकळी होतात. प्रश्न विचारला की वर्ग चिडीचूप. ठरावीक पाच मुलं हात वर करतात. मी पाठ केली की मात्र मागच्या बाकांवर गोंधळ. जुने सहकारी म्हणतात, दोन-चार जणांना बाहेर उभं कर, मग बघ. मला ते नको वाटतं. – एक शिक्षिका, ठाणे

उत्तर

तुम्हाला नको वाटतं ते बरोबरच आहे, आणि कायदाही तुमच्याच बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ : शारीरिक शिक्षाही नाही आणि मानसिक त्रासही नाही. तेरा वर्षांच्या मुलाला मुलींच्या वर्गासमोर ओणवं उभं करणं हा मानसिक त्रासच आहे. त्याने तो मुलगा गणित शिकत नाही, तुमचा तास कसा हाणून पाडायचा ते शिकतो.

आता घोकंपट्टी. सातवीत वर्गविस्तार येतो, आठवीत विस्तारसूत्रं येतात, आणि हीच चूक मुलं बारावीपर्यंत नेतात. कारण सूत्र त्यांच्या तोंडात असतं, पण त्या टू एबीला त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. मी वर्गात काय करायचे ते सांगते. फळ्यावर (१० + ३)² लिहायचे आणि म्हणायचे, "सूत्र नको. उत्तर वहीच्या मागच्या पानावर लिहा. मला दाखवायचं नाही."

"कुणाचं एकशे नऊ आलं?"

बरेच हात वर. शंभर अधिक नऊ.

"बरं. तेराचा वर्ग किती?"

"एकशे एकोणसत्तर," वर्ग एका सुरात.

"दहा आणि तीन मिळून तेराच ना? मग साठ गेले कुठे?"

इथे थांबायचं. अजिबात मदत करायची नाही. ही शांतता वेगळी असते, मुलं खरंच शोधत असतात. मग चौकटीच्या वहीत १३ बाय १३ चा चौरस काढायला सांगायचं. एका कोपऱ्यात १० बाय १० चा चौरस निळ्या पेन्सिलीने रंगवा, समोरच्या कोपऱ्यात ३ बाय ३ चा लाल. उरलं काय? दोन पट्टे, प्रत्येकी १० बाय ३. तीस आणि तीस. कुणीतरी ओरडतं, "बाई, ते साठ!" ते दोन पट्टे म्हणजे टू एबी. एकदा पट्टे रंगवलेला मुलगा ते सहसा विसरत नाही. दुसऱ्या दिवशी (१० − ३)² द्या. शंभर वजा नऊ, एक्क्याण्णव, असं लिहिणारे भेटतील. सातचा वर्ग एकोणपन्नास हे त्यांना ठाऊक असतं. बाकीचं काम ती तफावतच करते.

यातून मुलाच्या हाती एक हत्यार येतं : सूत्र आठवेना तर आकडे घालून बघ. बरोबर-चूक ठरवायला त्याला तुमच्याकडे यावं लागत नाही. या वयाच्या मुलांना याची फार किंमत असते. दिवसभर सगळे त्यांना तपासत असतात. स्वतःचं स्वतः तपासायला मिळालं की त्यांचा चेहराच बदलतो.

वर्ग गप्प का असतो? त्यांना येत नाही म्हणून नव्हे फक्त. चूक उत्तर दिलं आणि मागून कुणी हसलं, तर ते हसू मधल्या सुट्टीपर्यंत आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत जातं. म्हणून आधी मागच्या पानावर लिहून घ्या, मग शेजाऱ्याशी मिनिटभर बोलू द्या, मग विचारा, "तुमच्या बाकाचं उत्तर काय?" बाकाचं उत्तर चुकलं तर एकट्याची नाचक्की होत नाही. आणि प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. त्या पाच हुशार मुलांना मधल्या काळात हात खाली ठेवायला सांगा. त्यांना राग येईल, तर एकेका बाकावर मदतीला पाठवा.

मागच्या बाकांचा गोंधळ हा बहुतेक वेळा न कळल्याचा गोंधळ असतो. फळ्यावर लिहिताना आडवं उभं राहायची सवय लावा आणि तासातून दोनदा तरी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन या. तिथल्या मुलांची वही बघा, काही न बोलता एखादी बरोबर पायरी बोटाने दाखवा. मोठ्याने कौतुक नको, या वयात त्याचाही त्रास होतो. साठ मुलांच्या वर्गात हे सगळं रोज होणार नाही, मला माहीत आहे. आठवड्यातला एक तास असा घ्या. तुमच्यासारखी, शिक्षा नको वाटणारी तरुण शिक्षिका टिकायला हवी, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

पत्र चौथं

माझा मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. सून रात्री साडेआठला येते. नात सातवीत. गेल्या महिन्यात शाळेत असतानाच तिला पाळी आली. तेव्हापासून गप्पगप्प आहे, संध्याकाळी खाली खेळायलाही जात नाही. आमच्या वेळी चार दिवस बाजूला बसायची पद्धत. मी तसलं काही म्हणत नाही, पण तिला काय सांगावं ते सुचत नाही. सून म्हणते, ती यूट्यूबवर बघेल. – एक आजी, कोपरखैरणे

उत्तर

आजी, तुम्ही लिहिलंत याचाच मला फार आनंद झाला. यूट्यूबवर तिला माहिती मिळेल, पण पोटात दुखताना गरम पाण्याची पिशवी कोण देणार? दुपारी घरात तुम्ही आहात, तेव्हा हे तुमच्याकडेच आलंय.

तिला सांगा की पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असू शकते. कधी तीन आठवड्यांनी, कधी सहा आठवड्यांनी, त्यात घाबरण्यासारखं नाही. तीन महिने आलीच नाही, सात दिवसांपेक्षा जास्त दिवस चालली किंवा तासा-दोन तासांत पॅड भरायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. एरवी चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं. तारीख तिने स्वतः लिहायची, आपल्या वहीत. ते तिचं काम, त्यात आपण डोकवायचं नाही. शाळेच्या दप्तरात एक छोटी पिशवी कायम असू द्या : दोन पॅड, एक जादा निकर, गुंडाळायला कागद. ती पिशवी तिने आईबरोबर रविवारी भरावी. सुनेला तेवढं आवर्जून सांगा, दमून आली तरी.

खाण्याकडे लक्ष द्या. पालेभाजी, नाचणी, अळिवाचा लाडू, वर लिंबू पिळून. जेवणाबरोबर चहा नको, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. मुली ती खिशात घालून घरी आणतात आणि फेकतात. विचारून बघा, आणि जेवणानंतरच घ्यायला सांगा, म्हणजे मळमळत नाही.

घरात तिला कुठेही वावरू द्या, देवघरातही. तुम्ही जुन्या पिढीच्या, म्हणून तुम्ही दिलेल्या परवानगीचं वजन आईच्या परवानगीपेक्षा जास्त. तिच्या वडिलांनाही हे माहीत असू द्या. दुकानातून पॅड आणायला त्यांना सांगायची वेळ आली तर तिला कानकोंडं वाटू नये.

खाली खेळायला ती जात नाही, त्यामागे बहुधा डाग पडण्याची भीती आहे. शाळेत एकदा तसं झालंय ना. गडद रंगाची ट्रॅक पँट द्या आणि सुरुवातीला तुम्हीच तिच्याबरोबर खाली जाऊन बाकावर बसा. काही वाटलं तर ती तुमच्याकडे धावत येऊ शकेल. तिच्या बरोबरीच्या मुलींपैकी कितीतरी जणी याच वर्षात यातून जाताहेत. एखाद्या मैत्रिणीला शनिवारी दुपारी घरी बोलवा, दोघींना खायला द्या आणि तुम्ही आत जाऊन पडा. त्यांचं त्या बोलतील.